कॉलेजचा लॅपटॉप: ‘आय-फाइव्ह आहे’ एवढ्यावर घेऊ नका

बारावीचा निकाल, सीईटीचा स्कोअर, मग कॅप राउंडच्या याद्या, आणि या सगळ्या धामधुमीत घरात लॅपटॉपचा विषय निघतो. बहुतेक घरांत पहिला प्रश्न असतो, ‘कुठली कंपनी चांगली?’ या प्रश्नाला उपयोगी उत्तर नाही. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या लॅपटॉपचे अनेक प्रकार एकाच वेळी बाजारात असतात. बाहेरून सगळे सारखेच दिसतात. त्यातला एक चार वर्षं निभावतो आणि दुसरा दुसऱ्याच सेमिस्टरला रडायला लागतो. फरक असतो तो खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेल्या आकड्यांमध्ये.

हे आकडे वाचण्याआधी एक गोष्ट: प्रवेश पक्का होऊ द्या. आर्किटेक्चरला लागणाऱ्या लॅपटॉपची किंमत बीकॉमला पुरणाऱ्या लॅपटॉपच्या दुप्पट असू शकते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी साधारण सी किंवा पायथन, थोडं ड्रॉइंग आणि असाइनमेंट एवढंच काम असतं, आणि बरंचसं कॉलेजच्या लॅबमध्ये भागतं. त्यामुळे जूनमध्येच घेतला पाहिजे असं काही नाही. स्वातंत्र्यदिनाच्या आणि दसरा-दिवाळीच्या आधीच्या सेलपर्यंत थांबता येतं. सेलमधली सूट मात्र छापील एमआरपीवर मोजू नका. त्या भावाने तो लॅपटॉप एरवीही कुणी विकत नसतं. त्याच मॉडेलचा महिन्याभरापूर्वीचा भाव बघा. आणि ‘थांबलं की स्वस्त होईल’ हा जुना हिशेब हल्ली तितकासा चालत नाही: एआयच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढल्यामुळे २०२५च्या अखेरीपासून रॅमचे, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीचे, भाव जगभर चढले, आणि लॅपटॉपच्या किमतींवरही त्याचा भार आला.

प्रोसेसर: पूर्ण नंबर मागा

दुकानदार म्हणतो, ‘आय-फाइव्ह आहे, डोळे झाकून घ्या.’ आय-फाइव्ह हे प्रोसेसरच्या, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू असलेल्या चिपच्या, फक्त घराण्याचं नाव झालं. त्यापुढचा नंबर आणि शेवटचं अक्षर यातच खरी माहिती असते.

इंटेलचे दोन चिप घ्या: आय-५ १३३४यू आणि आय-५ १३४२०एच. पहिल्याला १० कोअर (चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग), दुसऱ्याला ८. कागदावर पहिला सरस वाटतो. पण हल्लीच्या इंटेल चिपमध्ये कोअर दोन जातींचे असतात: जड कामं झपाट्याने उरकणारे मोठे, आणि वीज वाचवणारे लहान. १३३४यूमध्ये मोठे २ आणि लहान ८. १३४२०एचमध्ये मोठे ४ आणि लहान ४. वर यू-चिप साधारण १५ वॅटच्या आसपास चालण्यासाठी बनवलेला असतो, एच-चिप ४५ वॅटसाठी. कोडिंग, नोट्स, एक्सेल, भरपूर ब्राउझिंग यासाठी यू उत्तम; बॅटरी टिकते, पंखा शांत राहतो. सॉलिडवर्क्स, अँसिस (इंजिनिअरिंगची जड सॉफ्टवेअरं) किंवा व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल तर एच हवा.

याच कारणाने ‘आय-सेव्हन’साठी जादा पैसे मोजताना दहादा विचार करा. आय-७ १३५५यू आणि आय-५ १३३५यू या दोघांतही २ मोठे आणि ८ लहान कोअर आहेत. वेग आणि कॅशे (चिपमधली छोटी, झटपट मेमरी) यांत थोडा फरक पडतो, तो वर्गात बसून जाणवणारा नाही. तेच पैसे रॅममध्ये घातले तर रोज जाणवतात. नव्या नावांतही हाच प्रकार आहे. ‘कोअर ७ १५०यू’ वाचायला भारदस्त, पण आतली मांडणी तीच, २ आणि ८. आणि आय-थ्री एन३०५ नावाचा एक चिप आहे, त्याचे आठही कोअर लहान जातीचे. तो आय-३ १२१५यू किंवा १३१५यूच्या पंगतीत बसत नाही.

एएमडीच्या रायझनमध्ये तर गंमत आणखी आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू: मध्ये दहाचा फरक, शोरूममध्ये शेजारीशेजारी. ७००० मालिकेत तिसरा अंक चिपची खरी पिढी सांगतो. ७५२०मधला २ म्हणजे झेन २, म्हणजे २०१९ साली आलेली रचना, कोअर चार. ७५३०मधला ३ म्हणजे झेन ३, कोअर सहा. पहिला अंक ७ आहे म्हणून दोन्ही नव्यासारखे वाटतात इतकंच. ७५२०यूबरोबर येणारी रॅम बोर्डावरच डकवलेली असते, म्हणजे ८ जीबीचा घेतलात तर तो जन्मभर ८ जीबीचाच. तिसरा अंक ४ असेल, उदाहरणार्थ ७६४०एचएस, तर तो झेन ४, या मालिकेतला सगळ्यात नवा. हा नियम फक्त ७००० आणि ८००० मालिकेला लागू आहे. पुढच्या ‘रायझन एआय’ मालिकेत नंबर वेगळ्या पद्धतीने पडतात.

सेलेरॉन किंवा एन१०० या इंटेलच्या साध्या चिपवाले लॅपटॉप स्वस्त असतात, पण झूमवर लेक्चर, त्यात पीडीएफ आणि क्रोमच्या दहा टॅब उघडल्या की हातात फक्त गोल फिरणारं चक्र उरतं. बजेट तेवढंच असेल तर नवा सेलेरॉन घेण्यापेक्षा जुना ऑफिसचा लॅपटॉप बरा, त्याबद्दल पुढे.

रॅम: किती, आणि कशी बसवलेली

१६ जीबी घ्या. ८ जीबीमध्ये विंडोज ११ स्वतःसाठीच तीन-चार जीबी धरून बसते, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर स्क्रीन रंगवण्याचं कामही याच रॅममधून वाटा घेतं. उरलेल्यात ब्राउझर आणि वर्ड चालतं, मोबाइलची अ‍ॅप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्यातला नकली फोन, म्हणजे एम्युलेटर, मात्र चालत नाही, रांगतो. निव्वळ कॉमर्स किंवा आर्ट्सचं काम असेल तर ८वर भागेल, पण पुढे वाढवता येईल असाच लॅपटॉप घ्या.

वाढवता येईल की नाही हे ठरतं ते रॅम कशी बसवली आहे त्यावरून. माहितीपत्रकात ‘एलपीडीडीआर’ने सुरू होणारा शब्द दिसला की ती बोर्डाला डकवलेली समजा, नुसतं डीडीआर४ किंवा डीडीआर५ असेल तर बहुधा स्लॉट असतो, पण तिथेही ‘ऑनबोर्ड’ हा शब्द शोधा. काही लॅपटॉपमध्ये ८ जीबी डकवलेली आणि शेजारी एक मोकळा स्लॉट असतो. ही रचना बजेटसाठी सगळ्यात सोयीची. दुकानात डेमो पीस चालू असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली उजवीकडे किती स्लॉटपैकी किती वापरात आहेत ते लिहिलेलं असतं, आणि ‘फॉर्म फॅक्टर’च्या समोर ‘एसओडिम’ असेल तर स्लॉटमधली पट्टी, ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर डकवलेली.

अजून एक बारकावा. १६ जीबीची एकच पट्टी आणि ८-८च्या दोन पट्ट्या या गोष्टी सारख्या नाहीत. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला रॅमकडे जायला दोन वाटा मिळतात, आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला त्याचा थेट फायदा होतो. इंटेलच्या आय-५ १३३५यूसारख्या चिपमध्ये एकच पट्टी असेल तर विंडोज ग्राफिक्सचं नावही ‘आयरिस एक्सई’ न दाखवता ‘यूएचडी’ दाखवते. लॅपटॉप तोच, चिप तोच. कुणी ‘खोक्यावर आयरिस लिहिलंय, आत यूएचडी निघालं, फसवलं’ म्हणून भांडायला निघालं असेल तर आधी दुसरी पट्टी घालून बघावी.

डिस्कबद्दल फार बोलायला नको. ५१२ जीबीची एनव्हीएमई (वेगवान जातीची) एसएसडी, त्याखाली नको. ‘ईएमएमसी’ हा शब्द दिसला की पुढे चला. ती फोनच्या धाटणीची संथ मेमरी असते आणि बदलता येत नाही. घरी आल्यावर ५१२च्या जागी ४७६ दिसले तर घाबरू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या पटीत मोजते.

स्क्रीन, जिथे कंपन्या हमखास पैसे वाचवतात

प्रोसेसर आणि रॅमकडे सगळ्यांचं लक्ष असतं, म्हणून काटकसर स्क्रीनवर होते. १३६६ बाय ७६८ची स्क्रीन आजही विकली जाते. तीवर कोड लिहिताना अर्ध्या ओळी खाली दडलेल्या असतात. किमान १९२० बाय १०८०. जमलं तर १९२० बाय १२००, तिची जास्तीची उंची पीडीएफ वाचताना उपयोगी पडते. पॅनेल आयपीएस हवं. टीएन पॅनेलवर मान जरा हलवली की रंग उलटेपालटे होतात.

मग दोन आकडे राहतात. उजेड निट्समध्ये मोजतात. २५० निट्स खोलीत पुरतात, पण खिडकीशेजारी किंवा कॉलेजच्या व्हरांड्यात स्क्रीनपेक्षा स्वतःचा चेहराच जास्त दिसतो. ३०० किंवा अधिक घ्या. रंगांसाठी ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं सापडेल; याचा अर्थ रंग फिकट, लाल भडक असायला हवा तिथे विटकरी. कोडिंगला, टॅलीला काही बिघडत नाही. फाइन आर्ट्स, डिझाइन, मास मीडिया किंवा आर्किटेक्चरला मात्र ‘१०० टक्के एसआरजीबी’ लिहिलेलीच स्क्रीन हवी, नाहीतर घरी केलेलं पोस्टर छापून आल्यावर वेगळंच दिसतं.

बॅटरीच्या तासांवर विश्वास ठेवू नका, वॅट-अवर विचारा. साधं काम करताना यू-चिपवाला लॅपटॉप ६ ते १० वॅट खातो. बॅटरी ४२ वॅट-अवरची असेल तर ४२ भागिले ८, म्हणजे जेमतेम पाच तास. ५५-६०ची असेल तर सातच्या आसपास. गेमिंग लॅपटॉप नुसता उघडा ठेवला तरी बऱ्याचदा याच्या दीडपट-दुप्पट वीज ओढतो, आणि वजनाचं म्हणाल तर तो सव्वादोन ते अडीच किलो, वर अर्ध्या किलोच्या पुढचा विटेएवढा चार्जर. रोज कल्याणहून लोकलने किंवा तालुक्याहून एसटीने उभं राहून जाणाऱ्याने हे गणित आधी करावं. दीड किलोच्या आतला १४ इंची लॅपटॉप आणि टाइप-सीने होणारं चार्जिंग याची किंमत अशा प्रवासात कळते.

ग्राफिक्स कार्ड कुणाला हवं?

बहुतेकांना नको, हे आधी सांगून टाकतो. कॉम्प्युटर, आयटी, इलेक्ट्रॉनिक्स या शाखांचं पदवीचं काम ग्राफिक्स कार्डाशिवाय होतं. ‘एआय अँड डेटा सायन्स’ला प्रवेश मिळाला म्हणून आरटीएक्स ३०५० हे कार्ड घेणारे बरेच दिसतात. त्यात ४ किंवा ६ जीबी मेमरी असते. शिकण्यापुरती लहान मॉडेलं त्यावर चालतात, पण तेवढी गूगल कोलॅब या ऑनलाइन सेवेवर फुकटही चालतात, आणि मोठी मॉडेलं दोन्हीकडे अडकतात. खेळायला हवं असेल तर तसं उघड सांगून घ्या, अभ्यासाच्या नावावर नको.

आर्किटेक्चरची गोष्ट वेगळी. रेव्हिट आणि स्केचअपपर्यंत ठीक, पण ल्युमिऑनसारख्या रेंडरिंगच्या सॉफ्टवेअरला वेगळं कार्ड लागतंच. मेकॅनिकलला मोठ्या असेंब्ली करायच्या असतील तर आणि अ‍ॅनिमेशनवाल्यांनाही कार्ड हवं. घेताना त्याचे वॅट विचारा. एकच आरटीएक्स ४०५० एका लॅपटॉपमध्ये ५०च्या आसपास वॅटवर चालतं आणि दुसऱ्यात १००च्या वर. स्टिकर दोन्हींवर सारखाच असतो. सिव्हिलला ऑटोकॅड, स्टॅड, ईटॅब्ससाठी चांगला एच-चिप आणि १६ जीबी रॅम पुरते.

कॉमर्स, बीएमएस, सीए करणाऱ्यांना आय-३ १३१५यूसारखा चिप पुष्कळ झाला. त्यांनी त्याऐवजी उजवीकडे वेगळे अंक असलेला १५.६ इंची कीबोर्ड बघावा, व्हाउचर एंट्रीचा वेग त्यावर ठरतो. टॅली शिकण्यासाठी विकत घ्यायची गरज नाही, तिचा एज्युकेशनल मोड फुकट आहे. फक्त त्यात एंट्री महिन्याच्या १, २ आणि ३१ या तारखांनाच टाकता येतात. ‘टॅली बिघडलीये, ५ तारीख घेत नाही’ या तक्रारीचं उगमस्थान हेच.

मॅकबुक घ्यावं का? कॉम्प्युटर, डिझाइन, मीडिया यांना खुशाल. बॅटरी आणि स्क्रीन दोन्ही उत्तम. पण सॉलिडवर्क्स, रेव्हिट, ईटॅब्स, टॅली ही मॅकवर थेट चालत नाहीत, आणि एम-मालिकेच्या (कंपनीच्या स्वतःच्या चिपच्या) मॅकवर पूर्वीसारखं बूट कॅम्पने विंडोज टाकायची सोय राहिलेली नाही. एअरमध्ये रॅमही वाढत नाही आणि स्टोरेजही. घेणार असाल तर अ‍ॅपलच्या विद्यार्थी सवलतीतला भाव आणि दुकानातला भाव दोन्ही विचारा.

स्नॅपड्रॅगन चिपवाले विंडोज लॅपटॉपही आता दिसतात. बॅटरी अप्रतिम, पण साधी विंडोज सॉफ्टवेअरं त्यावर अनुवाद होऊन चालतात, आणि ड्रायव्हर तर खास त्या चिपसाठी लिहिलेलेच लागतात. लॅबमधलं जुनं उपकरण किंवा मायक्रोकंट्रोलर बोर्ड जोडायची वेळ आली की पंचाईत होते. इंजिनिअरिंगवाल्यांनी सध्या लांब राहावं.

घरी आणल्यावर

ऑनलाइन मागवला असेल तर खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, खोक्याची चिकटपट्टी कापण्यापासून स्क्रीन चालू होईपर्यंत. खोक्यावरचा आणि लॅपटॉपच्या पाठीवरचा सिरियल नंबर जुळतो का ते बघा, आणि तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी तपासा. वॉरंटी कधी कधी कारखान्यातून निघाल्याच्या तारखेपासून सुरू झालेली दिसते. जीएसटीचं बिल पाठवलं की दुरुस्त करून मिळते, म्हणून बिल जपा. ‘ऑनसाइट’ असेल तर माणूस घरी येतो, ‘कॅरी-इन’ असेल तर तुम्हाला शहरातलं सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. गडचिरोलीच्या किंवा देवगडच्या मुलासाठी हा मोठा फरक आहे. पडणं-सांडणं साध्या वॉरंटीत येत नाही. हॉस्टेलला राहणार असाल तर त्यासाठीचं वेगळं संरक्षण पहिल्या वर्षीच घ्या.

नवा म्हणून दिलेला लॅपटॉप नवाच आहे का? क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर एसएसडी किती तास चालली ते दाखवतं. नव्यावर हा आकडा अगदी लहान असतो. तीनशे दिसले तर तो डेमो पीस किंवा परत आलेला माल आहे, बदलीची मुदत संपायच्या आत परत करा.

यापुढची चूक सगळ्यात सर्रास होते. दुकानदार ‘सेटअप करून देतो’ म्हणतो आणि घाईत स्वतःच्या किंवा दुकानाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप सुरू करतो. याचे दोन परिणाम होतात. लॅपटॉपबरोबर आलेलं कायमचं ऑफिस ज्या अकाउंटवर घेतलं त्यालाच चिकटतं. आणि नव्या विंडोज ११मध्ये अकाउंट जोडताच डिस्क आपोआप कुलूपबंद होते. तिची ४८ अंकी किल्ली त्याच अकाउंटमध्ये साठते. वर्षभर काही कळत नाही. मग कधीतरी बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट होतो किंवा बोर्ड बदलला जातो, निळी स्क्रीन येऊन किल्ली मागते, आणि ती दुकानातल्या सोडून गेलेल्या पोराच्या अकाउंटमध्ये असते. त्या क्षणी डिस्कवरचं सगळं गेलं. सेटअप स्वतःच्या अकाउंटने, स्वतःच्या हाताने करा. किल्ली अकाउंटच्या पानावर दिसते, ती वहीत उतरवून ठेवा.

‘डॉस’ किंवा ‘उबुंटू’ लिहिलेला लॅपटॉप स्वस्त दिसतो, कारण त्यात विंडोजचे पैसे धरलेले नसतात. लिनक्सवर काम करणार असाल तर छान. दुकानदार ‘फुकट विंडोज टाकून देतो’ म्हणाला तर ते क्रॅकने चालू केलेलं असतं, आणि अशा क्रॅकच्या पोटात बऱ्याचदा पासवर्ड चोरणारं काहीतरी बसलेलं असतं. मराठी टायपिंगसाठी मात्र काहीच टाकावं लागत नाही. विंडोजच्या भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड मिळतात.

जुना घ्यायचा असेल तर

कंपन्या तीन-चार वर्षं वापरून सोडतात ते थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक असे ऑफिसचे लॅपटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून जिल्ह्याच्या गावापर्यंत मिळतात. बांधणी भक्कम, कीबोर्ड सुरेख, रॅम बहुधा वाढवता येते. अट एकच: इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची, म्हणजे आय-५च्या पुढचा नंबर ८ किंवा १०, ११ने सुरू होणारा. त्याआधीच्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी स्वतः करा. लॅपटॉप बंद करून चालू करताना बायोसमध्ये जा. तिथे पासवर्ड मागितला तर जुन्या कंपनीचं कुलूप अजून तसंच आहे, घेऊ नका. कमांड प्रॉम्प्टमधून विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढा. त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी दिसते. ५०च्या जागी ३०वर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापून मागा. आणि झाकण एका कोपऱ्याला धरून हळू उघडा, बिजागरीपाशी प्लास्टिक फाकतंय का ते दिसेल.

नव्या लॅपटॉपचीही सगळ्यात आधी मोडते ती हीच बिजागरी, म्हणून झाकण मधोमध धरून उघडायची सवय लावा. गादीवर ठेवून वापरला तर खालच्या जाळ्या बुजतात, चिप तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो; दोन पुस्तकांवर उचलून ठेवला तरी पुरतं. धातूच्या बॉडीला हात लावला की मुंग्या येत असतील तर बहुधा खोलीतल्या सॉकेटला अर्थिंग नाही किंवा तीन पिनांवर दोन पिनांचं कन्व्हर्टर लावलंय. आधी ते कन्व्हर्टर काढा, तरीही येत असेल तर हॉस्टेलच्या इलेक्ट्रिशियनला सांगा. दिवसभर चार्जिंगला लावूनच वापर असेल तर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती पहिल्याच आठवड्यात चालू करा.